कुंभारवाड्यात बंदुका दिल्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनी खरे लिहिण्यास बुद्धी देवो, आणि लिहिल्यावर मस्तक धडावर राखो. शके सोळाशे अठ्ठ्याऐंशी, व्ययनाम संवत्सरी, ज्या राज्याचे नाव लिहिता लेखणी लाजते तेथील वर्तमान ऐसे जे, उत्तरपेठेत दर घरी खुंटीस बंदूक टांगिली असे, आणि कुंभारवाड्यात एकही नसे. उत्तरपेठेत परसातील शेवग्याची फांदी कोणाची, एवढियावरून शेजारियाने भागाईचा दादला गोळी घालून मारिला. भागाई कुंभारवाड्याची लेक. तिने सदरेवर येऊन अर्ज केला की, बंदुका घरांतून काढाव्या, चावडीत कुलपाखाली ठेवाव्या, कामापुरत्या न्याव्या. अर्ज एवढाच. परंतु महाराजांनी विद्वान बोलाविले आणि वाद मांडिला की, बंदुका बहुत म्हणोन गोळीने माणसे बहुत मरतात किंवा कसे. तीन मास वाद चालिला आणि मध्ये उत्तरपेठेत आणखी दोघे मेले, त्याची कोणी दाद घेतली नाही. चिटणीस त्र्यंबकपंत म्हणाले, बंदूक बिचारी खुंटीवर निमूट असते, दोष स्वभावाचा. उत्तरपेठ तापट, कुंभार थंड. तेव्हा भागाई बोलिली, "थंड कशाचे, पंत? माझा भाऊ रखमाजी आन् आमचा चुलता रोज भांडत्यात. एकमेकाची कच्ची मडकी फोडत्यात, आन् सांजच्याला दोघं तोच चिखल तुडवून नवी घडवत्यात. हाताशी मडकंच असतं, म्हणून माणूस वाचतो."

हे ऐकून सदरेने शहाणे व्हावे, ते न होता पंत म्हणाले की, मग प्रचीती पाहावी, कुंभारांसही दर घरी बंदूक द्यावी. भागाई पायां पडली, कोणी आइकिले नाही. असली विद्वत्ता चुलीत घालावी. मग बंदुका वाटिल्या आणि कुंभारांनी भोळेपणे खंडेनवमीस हळदकुंकू वाहून खुंटीस टांगिल्या. पुढे दिवाळीच्या पणत्यांची घाई आली आणि मडकी भाजावयाचा आवा आधी कोणी पेटवावा यावरून काका-पुतणे भांडले. रखमाजीने रीतीप्रमाणे चुलत्याची दोन मडकी फोडिली आणि आपली फुटावयाची वाट पाहत हसत उभा राहिला. चुलत्याचा हात खुंटीस गेला. सांजेस तो एकटाच चिखल तुडवीत होता, आणि लोकांस सांगत होता की रखमाजी येईल आता.

मग भागाई त्याच चिखलाचा गोळा घेऊन सदरेस आली आणि पंतांपुढे ठेवून म्हणाली, "मडकं आमी पुन्हा घडवतो. तुमी माझा भाऊ घडवून द्या." पंतांनी अंगरखा सावरिला आणि लिहविले की, एका मरणाने काही सिद्ध होत नाही, प्रचीती आणखी एक साल चालवावी.

तात्पर्य, विद्वान वाद करितात, बंदुका खुंटीस आहेत, आणि भागाईस माहेर राहिले नाही. पाहिले तैसे लिहिले.