साहेबांचा सूर आणि हिरवा दिवा

इंजिनिअरच्या उजव्या कानाला कायम ग्रीस लागलेलं असे. पंप धड चाललाय की नाही हे कळावं म्हणून तो लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा आणि आतली घरघर ऐकायचा. कारखान्यात सगळे असंच ऐकत आले होते. घरी मात्र उशीच्या अभ्र्यावर काळे डाग पडत आणि बायको विचारी, "तुम्ही मशीन तपासता की त्याच्या कुशीत झोपता?"

त्यामुळे एआयचं नवं टूल हाती आलं तेव्हा स्वारीचे पाय जमिनीवर ठरेनात. टॅबलेट मशीनपाशी धरायचा, आवाज निरोगी असेल तर हिरवा दिवा, बिघाड असेल तर लाल. फक्त आधी त्याला दोन्ही तऱ्हेचे आवाज ऐकवून शिकवायचं. चांगले आवाज त्याने चालू पंपांपाशी टिपले. कारखान्याचे साहेब तेव्हा हौसेने शेजारी उभे असत. साहेब खुशीत आले की गुणगुणत. सुरांशी त्यांचं जुनं वाकडं होतं, पण ते त्यांना सांगणार कोण? वाईट आवाज मिळाले मागच्या गोदामात, मोडीत काढलेले पंप चालवून. तिथे धूळ फार, म्हणून साहेब तिकडे फिरकले नाहीत. पुढे चाचण्याही अशाच झाल्या आणि टूल एकदाही चुकलं नाही.

"मोठ्या बाई बघायला येतायत," साहेब म्हणाले. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मालकीणबाई. "त्यांना पटलं तर प्रत्येक मशीनला हे टूल लागेल."

"आणि नाही पटलं तर?"

"तर तुमचा कान आहेच की."

बाई आल्या. साहेबांनी गळ्याला टाय आवळला होता आणि भीतीने त्यांच्या तोंडून चकार शब्द निघत नव्हता. इंजिनिअरने ऐटीत टॅबलेट नव्याकोऱ्या पंपापाशी धरला. दिवा लाल.

"हा तर कालच बसवला ना?" बाईंनी विचारलं.

"हो, पण... टूल म्हणतंय म्हणजे काहीतरी असणार!" इंजिनिअर म्हणाला आणि त्याने फिटरला हाक मारली. फिटरने पंप बंद करून उघडला. आतलं बेअरिंग आरशासारखं लखलखत होतं.

मग पलीकडचा पंप. लाल. कॉम्प्रेसर. लाल. घाम पुसत इंजिनिअरने टॅबलेट भिंतीवरच्या पंख्याकडे धरला, तर तोही लाल.

"सगळा कारखानाच आजारी आहे का हो?" बाई म्हणाल्या. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि त्या बाहेर गेल्या.

बाईंची पाठ वळताच साहेबांनी टाय सैल केला, सुस्कारा सोडला आणि ते सवयीने गुणगुणायला लागले. टॅबलेटवर हिरवागार दिवा लागला.

इंजिनिअरने आधी दिव्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"साहेब, जरा थांबा." लाल. "आता गुणगुणा." हिरवा. "थांबा." लाल.

"अहो, हे काय चाललंय?"

"साहेब, घोळ झाला. चांगल्या प्रत्येक आवाजात तुम्ही आहात, वाईट एकाही आवाजात नाही. याला मशीन कळतच नाही. याला फक्त तुम्ही कळता!"

साहेबांची छाती आधी फुगली आणि मग अर्थ ध्यानात येऊन बसली. "बाई येतायत. मी गातो, तुम्ही दाखवा!"

मोह मोठा होता. इंजिनिअरचा हात आपसूक कानाकडे गेला, बोटाला ग्रीस लागलं. पण खोट्या हिरव्या दिव्याच्या भरवशावर एखादा पंप फुटला तर? बाई आत येताच त्याने सगळं सांगून टाकलं. साहेबांना तर गुणगुणून दाखवावंही लागलं.

बाई इतक्या हसल्या, की त्यांना मशीनचा आधार घ्यावा लागला. "याचे कान तिखट आहेत एवढं नक्की. पुन्हा शिकवा. आणि साहेबांचा आवाज वेगळा ओळखायला लावा. नाहीतर बिघाड व्हायचा आणि हे गात उभे असायचे!"

इंजिनिअर झपाटल्यासारखा कामाला लागला. नवे आवाज टिपून होईपर्यंत साहेबांना पंपांकडे यायची बंदी झाली आणि अख्खा कारखाना खुशीत आला. जे तोंडाने सांगायची कुणाची छाती नव्हती, ते एका टॅबलेटने केलं होतं. फिटरने तर इंजिनिअरला सगळ्यांदेखत मिठीच मारली. टूल आता खरोखर मशीन ओळखू लागलं. बाईंनी ते सगळ्या मशीनना बसवायला सांगितलं आणि घरी अभ्रे पांढरे दिसू लागले.

नव्या टूलमध्ये हिरवा, लाल आणि तिसरा पिवळा असे दिवे होते. पिवळा म्हणजे साहेबांचा आवाज. टूलचे कान असे तिखट, की साहेब जिन्यात गुणगुणू लागले तरी खाली प्रत्येक मशीनवर पिवळा दिवा लागे. तो लागला की गप्पा थांबत, मोबाइल खिशात जात, चहाचे कप गायब होत आणि जो तो आपापल्या मशीनपाशी उभा दिसे.

साहेब खाली येऊन हे दृश्य डोळे भरून पाहत. एकदा त्यांनी इंजिनिअरच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"बघितलंत? तुमचं ते टूल आल्यापासून कुणाला ओरडायची वेळच आलेली नाही. कधीही येऊन बघा, सगळे कामात!"

आणि खूश होऊन ते आणखी मोठ्याने गुणगुणू लागले.