पाच बरण्यांचा निकाल

वॉटी गेडिसने चाळीस वर्षं व्हिस्कीची पिंपं बांधली होती. त्यामुळे आपलं नाक म्हणजे सोनाराचा काटा, असं तो सगळ्यांना सांगे. गावच्या बोलिंग क्लबात वर्षभर कोणती स्वस्त ब्लेंडेड व्हिस्की ठेवायची, हे दर एकतीस डिसेंबरला दुपारी तोच ठरवी. यंदा मात्र डॉड मिलनने परीक्षक बदलायची मागणी केली. वॉटीने पैज घेतली: लेबल न बघता चाखून फरक सांगतो, चुकलो तर परीक्षकाची खुर्ची डॉडची.

चिटणीसबाईंनी पाच वेगवेगळ्या बाटल्यांतली थोडी थोडी व्हिस्की जॅमच्या पाच बरण्यांत ओतली, झाकणांवर आकडे टाकले आणि बरण्या सकाळीच क्लबाशेजारी, वॉटीच्या घरी ठेवल्या.

वॉटीची बायको जेसिमा तेव्हा घर झाडत होती. नवं वर्ष लागायच्या आत घरात अर्धंमुर्धं काही उरू द्यायचं नाही, हा तिच्या माहेरचा नेम. अर्ध्या भरलेल्या पाच बरण्या बघून तिने सगळ्या एका पातेल्यात रित्या केल्या आणि बरण्या धुतल्या. इतक्यात वॉटी जिन्यावरून बरण्या मागायला लागला. तिने मुकाट्याने पातेल्यातली व्हिस्की पाचांत सारखी वाटली.

क्लबात वॉटीने डोळे मिटून घोट घेतले. पहिली ओल्या घोंगडीसारखी, दुसरीत मध, तिसरी कुत्र्यालाही देऊ नये, चौथी तर स्वर्ग, पाचवी बरी. सगळ्यांनी माना डोलावल्या. डॉड एकटाच म्हणाला, "मला तर पाचही एकच लागतात."

हशा पिकला. वॉटीने त्याला जिभेवर उपचार करून घ्यायला सांगितलं.

तेवढ्यात जेसिमा बरण्या न्यायला आली. हसण्याचं कारण कळताच ती म्हणाली, "डॉडचं बरोबर आहे," आणि पातेल्याची हकीकत सांगून मोकळी झाली.

सारे वॉटीकडे बघायला लागले. तो खाकरला. "मला पहिल्या घोटातच कळलं होतं. तुमची परीक्षा घेत होतो."

"असं?" जेसिमा म्हणाली. "मग त्यात मी आणखी काय घातलं, तेवढं सांग."

वॉटीने घोट घेतला, तोंडात घोळवला, छताकडे पाहिलं. "पुडिंगसाठी आणलेली शेरी. दोन चमचे."

"काहीच घातलं नाही. ऊठ तिथून, डॉडला बसू दे. आणि बरण्या विसळून आण."

वॉटीने बरण्या उचलल्या. चौथी मात्र त्याने मोरीकडे जाता जाता संपवली.