पंढरीमामांचं पाणी बंद झालं

मुरबाडच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या वर्कशॉपात पंढरीमामांकडे एकच काम होतं, पाण्याचं. सहा मशिनींवर लोखंड कापलं जायचं आणि कापणारं हत्यार तापू नये म्हणून त्यावर दुधासारख्या कूलंटची धार सतत चालू असायची. मामांनी पाण्यात तेल मिसळायचं, टाक्या भरायच्या, चुरा गाळायचा. दिवसातून वीसेक वेळा हाक यायची, "मामा, पाणी बघा." मामा बादली घेऊन जात आणि बादली रिकामी होईपर्यंत बोलत. ते मुद्दाम बारीक धार धरतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांची बायको, चिमामामी, जाऊन तीन वर्षं झाली होती. वैशाखरे गावातल्या घरात बोलायला भिंतींशिवाय कोणी नव्हतं. म्हणून घरी सुचलेलं बोलणंही मामा वर्कशॉपसाठी राखून ठेवत.

मग सुपरवायझर शेखरनं नवी पद्धत आणली. धार बंद झाली. त्याऐवजी हवेच्या फवाऱ्यातून तेलाचे मोजके थेंब नेमके हत्याराच्या टोकावर पडू लागले. प्रत्येक मशिनीला तेलाची एक छोटी बाटली अडकवली, ती आठ दिवस पुरायची. चुरा कोरडा, फरशी कोरडी, आंबलेल्या पाण्याचा वास गेला. सगळे खूश झाले. "आता तुमाला आराम, मामा," शेखर म्हणाला. "बाटली संपली का भरायची, बास."

माणसाला एकटं पाडायचं असेल, तर त्याला आराम द्यावा. मामा स्टुलावर बसले. पहिल्या अख्ख्या आठवड्यात त्यांना सहा हाका आल्या, त्याही एकाच दिवशी.

दुसऱ्या आठवड्यात मामांच्या ध्यानात आलं, की फवाऱ्याला तेल कमीजास्त करायचा एक नॉब आहे. आदेशच्या मशिनीचा नॉब त्यांनी सहज थोडा सैल केला. बाटली चार दिवसांत संपली. "मामा, तेल," आदेशनं हाक दिली आणि मामांनी बाटली भरता भरता त्याच्या शेणव्याच्या सासुरवाडीची चौकशी करून घेतली. मग त्यांनी जयश्रीच्या मशिनीचाही नॉब फिरवला. हाका वाढल्या. बाटल्या गळतात की काय म्हणून शेखरनं त्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. गळती सापडली नाही.

चटक वाईट असते. एका दुपारी सगळे डबा खायला बसले असताना मामांनी सहाही नॉब पुरते उघडून ठेवले.

जेवणानंतर मशिनी सुरू झाल्या आणि पाच मिनिटांत आदेशला शेजारची जयश्री दिसेना. दहा मिनिटांत स्वतःचा हात दिसेना. तेलाचं दाट धुकं छपरापर्यंत गेलं. कोणीतरी आग म्हणालं आणि सगळे बाहेर पळाले.

मामा पळाले नाहीत. ही आग नाही, हे ठाऊक असलेले तेवढे एकटेच होते. चाचपडत ते एकेक नॉब बंद करू लागले. खिडकीबाहेरून शेखरचा आवाज आला, "सगळे आले का?"

आदेशनं मोजलं. "मशीन सहा, माणसं सहा. आलो सगळे."

तिसऱ्या नॉबवर मामांचा हात थांबला. ओरडून सांगावं असं त्यांना वाटलं, पण सांगणार काय? हिशोबात चूक नव्हती. मामांना फार वाईट वाटलं. मग त्यांनी उरलेले नॉब बंद केले.

धुकं विरल्यावर ते दारात आले, तेव्हा दिवाळीच्या अंघोळीला निघाल्यासारखे नखशिखान्त तेलात माखलेले होते.

"मामा, तुमी आत होता?" शेखरनं विचारलं.

"होतो."

आदेश जमिनीकडे बघू लागला. शेखर ओशाळला आणि ओशाळल्यामुळे भराभर बोलू लागला, की मामांनी एकट्यानं मशिनी वाचवल्या, मालकांच्या कानावर घालतो, मामांचा सत्कार करू. नारळ आणि शालीपर्यंत बोलणं गेलं, तेव्हा मामांना राहवेना.

"सत्कार नको. नॉब मीच उघडले व्हते."

"का?"

"बाटली लवकर संपावी म्हणून. संपली का हाक मारता ना तुमी."

जयश्रीनं पुसायचं फडकं पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी नॉबना कुलपं लागली. शिवाय नवा नियम आला: सकाळी आठला नावानिशी हजेरी, मशिनींची नव्हे, माणसांची. सहा नावं झाली की शेखर सातवं पुकारी, "पंढरी गोमा भोईर." मामा "हाय" म्हणत, तो आवाज गेटवरच्या वॉचमनला ऐकू जाई. तेवढ्यासाठी ते सातलाच येऊन बसत.

शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असते. त्या शुक्रवारी मामा वैशाखऱ्याला ओटीवर चहा घेत बसले होते. आठ वाजले आणि तोंडातून "हाय" निघून गेलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की नाव कोणी पुकारलंच नव्हतं. मामांनी कप खाली ठेवला, इकडेतिकडे पाहिलं, शेखरच्या आवाजात आपलं नाव पुकारलं आणि पुन्हा एकदा, नियमानं, "हाय" म्हणाले.