‘ती रेडिओ’वाले वानखेडे

वानखेडे जर्मन बोलायला लागले की समोरचा जर्मन माणूस हळूच विचारायचा, "अमेरिकेत कुठले तुम्ही?"

वानखेडे अकोल्याचे. झुपकेदार मिशा, डब्यात ज्वारीची भाकरी, जर्मनीत श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या एका कारखान्यात इंजिनं तपासायची नोकरी. पण जर्मन असं बोलायचे की जणू टेक्सासात गुरं वळून आत्ताच श्टुटगार्ट स्टेशनात उतरलेत. एकदा दातांच्या डॉक्टरकडे मी त्यांच्यासोबत होतो. फॉर्मवरचं जन्मगाव बघून काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "अकोला म्हणजे अमेरिकेच्या कुठल्या भागात?"

"दक्षिणेला," वानखेडे म्हणाले. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "काहून त्या माउलीचा हिरमोड करायचा?"

मी पुण्याहून सॉफ्टवेअरच्या कामाला तिकडे गेलो तो दोन हजार तीन-चारचा सुमार. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला आम्ही पंधरा-वीस कुटुंबं भाड्याच्या हॉलमध्ये जमायचो. माईकचं खातं वानखेड्यांकडे. सूट, टाय आणि पायात टोकदार काउबॉय बूट घालून ते स्टेजवर यायचे, माईकवर टिचकी मारायचे आणि "हाउडी!" म्हणून मग "जय भीम" म्हणायचे. ज्येष्ठ मंडळी पहिल्या शब्दाकडे कानाडोळा करत.

या सगळ्याचं मूळ शहरातलं अमेरिकन कंट्री संगीताचं, म्हणजे गुराखी थाटाच्या गाण्यांचं, रेडिओ स्टेशन. ते रॉय नावाच्या अमेरिकन माणसानं काढलेलं. लष्करात मेकॅनिक म्हणून आला, हेल्गा नावाच्या इथल्या मुलीशी लग्न केलं आणि राहिला. वानखेडे या स्टेशनचे स्वयंघोषित इतिहासकार. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. स्टेशनला तर त्यांचा पत्ताही नव्हता. पण आपल्याकडे शिवकाल, पेशवाई असे भाग पाडतात, तसे त्यांनी पाडले होते. टायरच्या दुकानावरच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून स्टुडिओ केला, तो ‘अंडेकाल’. मग जुन्या लॉन्ड्रीत जागा मिळाली. शेजारची मशिनं चालूच असायची, त्यामुळे प्रत्येक विरहगीतामागे कपडे पिळल्याचा आवाज. हा ‘लॉन्ड्रीकाल’, म्हणजे वानखेड्यांच्या मते सुवर्णयुग. शेवटचा ‘सोफाकाल’, फर्निचरच्या दुकानावरचा.

"इतिहास आहे त्याला!" हे त्यांचं पालुपद. स्वतःचं आयुष्यही ते याच मापानं मोजत. "आमची पोरगी लॉन्ड्रीकालात झाली." "हा कोट अंडेकालातला हाय." मुलगी आणि सुनंदावहिनी अमरावतीला. वहिनी तिथे कॉलेजात शिकवायच्या, नोकरी सोडणं शक्य नव्हतं. उन्हाळ्यात महिनाभर यायच्या आणि दुसऱ्या दिवशीच म्हणायच्या, "अहो, जरा तो रेडिओ बंद करता का?"

वानखेड्यांचं जर्मन या स्टेशनमुळेच तसं झालं. पहिल्या वर्षी त्यांना क्लासमधलं जर्मन कळेना, कारखान्यातलं तर त्याहून नाही. एके रविवारी सुई फिरवताना रॉय सापडला. परकाच तो, जर्मन हळू बोलायचा, थांबायचा, चुकायचा. "या शहरात माझ्यासाठी थांबणारा तो एकटाच माणूस होता," वानखेडे म्हणत. त्याच्याकडून ते भाषा शिकले, उच्चारांसकट आणि चुकांसकट. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. रॉयनं ती कटकटच मिटवली होती. तो सगळं स्त्रीलिंगीच बोलायचा. ती टेबल, ती घोडा, ती रेडिओ. वानखेडेही तेच.

आणि मग स्टेशन बंद व्हायचं ठरलं. रॉय थकला होता, ऐकणारे कमी झाले होते, फ्रीक्वेन्सी दुसऱ्या कोणाला मिळाली होती. शेवटच्या रविवारी स्टेशनचा इतिहास सांगायचा होता, पण नोंदी कोणीच ठेवल्या नव्हत्या. हेल्गाबाईंनी रेडिओवरूनच आवाहन केलं: कोणाला काही आठवत असेल तर या.

वानखेड्यांचा मला फोन. "कांबळे, गाडी काढा. बोलावणं आलंय."

त्या रविवारी स्टेशनच्या नोंदींच्या चार वह्या घेऊन ते सोफाकालात पोहोचले. माईकसमोर बसले आणि तीस-चाळीस मिनिटं थांबलेच नाहीत. रॉय मध्येच म्हणाला, "मग आम्ही लॉन्ड्रीत गेलो, वसंतात."

"नाइन, नाही," वानखेडे म्हणाले, "ऑक्टोबर होता. तुम्हाला सर्दी झाली होती. तीन कार्यक्रम तुम्ही शिंकलात."

रॉय इतका हसला की गाणं लावावं लागलं. काचेच्या अलीकडे मी आणि हेल्गाबाई ऐकत उभे होतो. आत दोघंही ‘ती माईक, ती माईक’ म्हणत एकमेकांकडे माईक सरकवत होते.

हेल्गाबाईंनी माझा दंड धरला आणि मला बाजूच्या खोलीत नेलं. कपाटातून बुटांचा खोका काढला. आत पोस्टकार्डं. रविवारच्या फर्माइशी. एस्लिंगेनच्या फ्राऊ बाउअर, लुडविग्सबुर्गच्या फ्राऊ हुबर, आणखी तीन बायका. वेगवेगळ्या शाया, अक्षर कधी उजवीकडे झुकलेलं, कधी डावीकडे.

"शेवटच्या वर्षांत पत्रं फक्त या पाचजणींची यायची," त्या म्हणाल्या. "पाचहीजणी ‘ती रेडिओ’ लिहितात. जर्मन बाई असं कधी लिहील का? रॉयला काही वावगं वाटलं नाही, तो स्वतःच तसं बोलतो. मला वाटायचं, पाचही नावांनी लिहिणारा आहे तरी कोण हा माणूस? आज यांचं ‘ती माईक’ ऐकलं आणि कळलं."

"त्यांना सांगितलंत?"

"रॉयला? छे! पाच बायका आपल्यावर फिदा आहेत असं वाटतं त्याला. राहू दे."

परतताना वानखेडे वह्या मांडीवर घेऊन बसले होते. मी सिग्नलला थांबलो आणि विचारलं, "वानखेडेसाहेब, फ्राऊ बाउअर तुम्हीच ना?"

त्यांनी वह्या मागच्या सीटवर ठेवल्या. मग म्हणाले, "बंद खोलीत बसून माणूस बोलते. समोर कोणी नाही. पोचलं, एवढं तरी कोणी कळवायला पाहिजे का नाही? पहिल्या वर्षी मीपण खोलीत मोठ्यानं बोलायचो, कांबळे. मराठीत. भिंतीशी." मिशीवरून हात फिरवला. "पाच बायका जास्त झाल्या, बाप्पा. दोनच ठेवायच्या होत्या."

पुढच्या रविवारी सकाळी दहाला, म्हणजे बंद झालेल्या कार्यक्रमाच्या वेळेला, आमच्याकडे फोन वाजला. वानखेडे. काही काम आहे का विचारलं, तर नाही म्हणाले. मला पोळ्या लाटणाऱ्या बायकोला मदत करायची होती, कणीक हाताला चिकटली होती. तरी मी रिसीव्हर खांद्यात धरला आणि आठवड्यात ऑफिसात काय काय झालं ते सांगत सुटलो. पलीकडून काहीच येईना. मला वाटलं फोन कटला.

"हॅलो? वानखेडेसाहेब?"

"हाव, हाव," ते म्हणाले. "बोला तुम्ही. मी ऐकून राह्यलो."