बाईसाहेबांचं वजन

जेवता जेवता काकूंनी विचारलं, "अहो, आपल्या बाईसाहेबांना आत्मा असेल ना?" आणि काटेकाका पानातून डोकं वर न काढता म्हणाले, "असता तर वजनात आला असता."

काकांचा सारा जन्म वजनकाटे दुरुस्त करण्यात गेला होता. खाली दुकान, वर घर. सोनारापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांचे काटे त्यांच्या हातून जात, आणि 'काटेकाका' हे नाव असं चिकटलं होतं की त्यांचं खरं आडनाव बायकोलाही चटकन आठवत नसे. जे काट्यावर येतं ते आहे, येत नाही ते नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. 'जरासं', 'बरंचसं' असले शब्द ऐकले की त्यांच्या कपाळाला आठी पडे. कुणी म्हटलं, "काका, बारीक झालात," की ते विचारत, "किती?"

पण आज बोलून गेल्यावर आपलं चुकलं हे त्यांनाही कळलं. बाईसाहेब म्हणजे घरातली म्हातारी राखाडी मांजर. तिला सकाळीच जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी तिचं पोट चाचपून सांगितलं होतं, "मूत्रपिंडं गेली. घरी न्या, सुखात ठेवा." तेव्हापासून तिने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. काकूंचा प्रश्न काही वेळ जात नव्हता म्हणून आलेला नव्हता.

काकूंनी हातातला घास परत ताटात ठेवला. "म्हणजे ती गेली की कुठेच नाही. असंच ना?" एवढं बोलून त्या उठल्या, आणि त्यानंतर त्यांनी काकांशी बोलणं टाकलं. चहा वेळेवर येई, जेवण वेळेवर येई, शब्द मात्र येत नसे.

दुसरा कुणी असता तर 'असतो गं आत्मा' म्हणून मोकळा झाला असता. काकांना ते जमेना. न तोललेली गोष्ट सांगायची म्हणजे त्यांच्या धंद्यात बेइमानीच. मग त्यांनी ठरवलं, तोलूनच बघू. बाईसाहेबांना आतापासून काट्यावर ठेवायचं. त्या गेल्या, की त्या क्षणी वजन घटतं का ते पाहायचं. घटलं तर बायकोची माफी मागायची. नाही घटलं तर काय करायचं, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

त्यांनी दुकानातल्या सगळ्यात नाजूक काट्यावर मऊ टॉवेल अंथरला आणि बाईसाहेबांना ठेवलं. त्या उतरल्या. दुसऱ्यावर ठेवलं, तिथूनही उतरल्या. मग लटपटत्या पायांनी त्या कोपऱ्यात गेल्या आणि मासेवालीच्या काट्याच्या ताटलीत अंगाचं वेटोळं करून पडल्या. तो काटा तीनदा धुतलेला होता, पण वास काही हटला नव्हता. टॉवेलसुद्धा त्यांनी पंज्याने बाहेर ढकलला.

काका नाइलाजाने त्याच काट्यापुढे भिंग घेऊन बसले. बसल्या बसल्या विचारांना काय तोटा? आत्मा अंगाच्या मापाने असतो, की सगळ्यांना सारखा? हत्तीचा मोठा आणि मुंगीचा लहान म्हणावं तर त्यात अन्याय वाटे. सारखा म्हणावं तर मुंगी चालणार कशी?

दुसऱ्या दिवशी मासेवाली दारात उभी. "काका, माझा काटा झाला का?"

"झालाय."

"मग द्या की."

"त्यावर मांजर आहे."

"उठवा तिला."

"ती आता उठायची नाही, बाई. शेवटचं चाललंय तिचं." आणि काकांनी तिला सगळं समजावून सांगितलं.

मासेवाली कमरेवर हात ठेवून ऐकत राहिली. मग दाराबाहेर एक नजर टाकून हळूच म्हणाली, "काका, असलं काही करू नका. मी सकाळपासून किती मासे कापते, तुम्हाला ठाऊक आहे? उद्या तुमच्या काट्यावर मांजराचा आत्मा निघाला, तर माशाचाही निघणार. मग मी सुरी धरू कशी?"

"मी फक्त वजन करतोय," काका म्हणाले.

"तेच तर. तुमचं वजन सगळे खरं मानतात."

पटलं असतं तरी काका मागे हटणारे नव्हते. मग तिनेच युक्ती काढली. दुसऱ्या सकाळी तिने ताज्या माशाचा मऊ तुकडा आणून काट्यापासून हातभर लांब ठेवला. वासाने तरी मांजर उतरेल आणि आपला काटा सुटेल, असा तिचा होरा. बाईसाहेबांनी डोळे उघडले, नाक हलवलं, पण उतरायचं नाव नाही. त्या नुसत्या मासेवालीकडे बघत राहिल्या. अखेर मासेवालीनेच हात टेकले आणि तो तुकडा उचलून त्यांच्या तोंडाशी धरला. बाईसाहेबांनी तो खाल्ला.

"अहो बाई, काय केलंत हे," काका कळवळले. "वजन वाढलं ना."

"वाढू दे. उपाशी कसं मारायचं?"

मांजर खायला लागली हे वर कळलं आणि काकू खाली आल्या. दारातच थांबून त्यांनी विचारलं, "खाल्लं तिने?"

"बावीस ग्रॅम," काका म्हणाले. बायको बोलल्याचा आनंद त्यांनी तसाच गिळून टाकला.

झालं, त्या दिवसापासून दुकानाचा दवाखाना झाला. मासेवाली सकाळी तुकडा घेऊन येई. काकू स्टूल टाकून मांजरापाशी बसत. काका सुईपुढे बसत. बाकीच्यांचे काटे एकावर एक साठत चालले. औषधवाला येऊन बडबडून गेला, वाणी येऊन भांडून गेला. मासेवाली अंदाजाने मासे विकू लागली. काट्याशिवाय तिचा हात सैल सुटे, त्यामुळे गिऱ्हाईक खूश आणि ती तोट्यात. तरी काटा मागायचं तिने सोडून दिलं होतं. आल्या आल्या ती विचारी, "आज कशी आहे?" आणि ज्यांचा शेवट पाहायला काका बसले होते, त्या बाईसाहेबांचं वजन रोज थोडं थोडं चढत होतं.

जनावरांचे डॉक्टर रस्त्याने जाता जाता डोकावले. "ही अजून आहे?"

"डॉक्टर, तुम्ही इतकी जनावरं जाताना पाहिलीत," काकांनी विचारलं, "आत्म्याचं तुमचं काय मत?"

"मला मूत्रपिंडाचं विचारा," डॉक्टर म्हणाले. "ती गेलेलीच आहेत. ही आता कशावर चाललीय, ते मला विचारू नका." आणि जाताना त्यांनीही तिच्या कानामागे खाजवलं.

काकांना एकच गोष्ट छळत होती. काकूंनी मांजराच्या मानेवर हात ठेवला की ती घुरघुरायला लागे, आणि तिच्या घुरघुरण्याबरोबर सुई थरथरे.

"हात काढ जरा. वजन चुकतंय."

"हात काढला की ती थांबते."

"थांबू दे ना."

"कशाला थांबू दे?"

काकू वर गेल्यावर काकांनी स्वतःच हळूच एक बोट मानेवर ठेवून पाहिलं. सुई थरथरली. त्यांच्या धंद्यात अशा थरथरीला दोष म्हणतात आणि तो स्क्रू आवळून घालवतात. काकांनी पेचकस हातात घेतला, बराच वेळ धरला आणि परत पेटीत ठेवला.

मग एका सकाळी बाईसाहेबांनी मासा हुंगला आणि तोंड फिरवलं. मासेवाली तशीच बाजारात गेली. दुपारी काकू वर कामात होत्या. काका एकटेच भिंग डोळ्याला लावून बसले होते. श्वास लांब लांब पडत चालला होता. इतके दिवस ज्या घटकेसाठी सगळं काम बंद ठेवलं, ती आता समोर होती. पापणी लवायची नाही, असं त्यांनी मनाशी घट्ट ठरवलं.

बाईसाहेबांनी मान उचलायचा प्रयत्न केला. ताटलीच्या कडेवर पंजा टाकला, तो घसरला. मग त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांच्या मनात आलं, पत्रा गार लागत असेल हिला. पुढचं त्यांनी ठरवून केलं नाही. त्यांनी भिंग बाजूला टाकलं, तिला उचलून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी झाकून घेतलं. ती थोडीशी घुरघुरली. मग कधीतरी थांबली. कधी, ते त्यांना कळलं नाही. सुईकडे त्यांची पाठ होती आणि ते ढसाढसा रडत होते.

संध्याकाळी दोघांनी मिळून मागच्या झाडाखाली खड्डा केला. हात धुताना काकूंनी विचारलं, "मग? कमी झालं वजन?"

आयुष्यात ज्याने कुणाला खोटं वजन सांगितलं नव्हतं, तो माणूस नळाकडे बघत म्हणाला, "झालं."

"किती?"

काकांनी खूप शोधलं, पण आकडा काही तोंडात येईना. "थोडंसं," ते म्हणाले.

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दुपारी त्या खाली यायला निघून जिन्यातच थांबल्या होत्या आणि मांडीवरच्या मांजरासकट सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी टॉवेल पुढे केला. "तेवढं पुरे आहे मला," त्या म्हणाल्या.

सकाळी मासेवाली तुकडा घेऊन आली आणि रिकामी ताटली पाहून दारातच थबकली. हातातला तुकडा तिने मागे घेतला. मग तिने भीत भीत विचारलं, "काय निघालं, काका?"

काकांनी तोंड उघडलं, पण काकू मध्येच बोलल्या. "काही नाही निघालं, बाई. सुई जागची हलली नाही. तुम्ही बिनघोर मासे विका."

काका बायकोकडे बघतच राहिले. जिने आत्म्यापायी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, ती आत्मा नसल्याची ग्वाही देत होती, आणि तीही त्यांच्या काट्याच्या नावावर.

"सुटले गं बाई," म्हणत मासेवाली काटा उचलायला वाकली. ताटलीत दोन राखाडी केस चिकटलेले होते. ती तशीच वाकलेली राहिली आणि मग मनगटाने डोळे पुसू लागली.

"थांबा, पुसून देतो. वजनात फरक पडेल," काका फडकं घेऊन पुढे झाले.

"राहू दे, काका," ती म्हणाली. "पडला तर पडला." आणि काटा छातीशी धरून ती बाजाराकडे निघून गेली.