राहुकाळ आणि पद्मनाभचं पोट

मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं की लोक पडदे धुतात, ठेवणीतल्या कपबशा काढतात. वेस्ट मांबलमच्या कृष्णवेणीबाईंनी संडास पाडला.

जुना होता, फरशी पिवळी पडली होती, टाकी रात्रंदिवस गळायची. वरपक्षाची माणसं आत गेली तर काय म्हणतील, या विचारानं बाईंची झोप उडाली होती. कंत्राटदार म्हणाला, दोन दिवसांत नवा करून देतो. कंत्राटदाराचे दोन दिवस किती लांबतात हे सांगायला नको. तोवर कृष्णवेणीबाई, मुलगी रम्या आणि धाकटा दीर पद्मनाभ या तिघांची सोय शेजारच्या कौमुदीमामींकडे झाली. मामी भल्या बाई, पण त्यांची पूजेची जागा नेमकी बाथरूमच्या दाराला लागून. आत माणूस बसलेला आणि बाहेर विष्णुसहस्रनाम चाललेलं. पद्मनाभ रोज सकाळी जायचा आणि गेला तसा परत यायचा.

दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर यात हसण्यापलीकडे काही नव्हतं. पण पद्मनाभची गोष्ट वेगळी होती. कॉलेजात असताना त्याला कानात आवाज ऐकू येऊ लागले. घरानं फार सोसलं, त्यानं त्याहून जास्त सोसलं. शेवटी अड्यारच्या डॉक्टर रंजनींनी दिलेल्या गोळीनं ते आवाज गप्प झाले आणि हरवलेला माणूस घराला परत मिळाला. मात्र ही गोळी आतडंही संथ करते. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "याला साधं बद्धकोष्ठ समजू नका. आतडं तुंबलं तर जिवावर बेततं. पोट फुगलं, दुखलं, उलटी झाली तर वाट पाहू नका. आणि काही झालं तरी गोळी आपल्या मनानं बंद करू नका."

तेव्हापासून पद्मनाभ भरपूर पाणी पिई, मांबलम स्टेशनपर्यंत चालून येई, रात्री डॉक्टरांनी दिलेलं औषध न चुकता घेई आणि सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून वहिनीला पोटाची खबर देई. त्यात लाज नाही की लपवालपवी नाही. पेपरातला पाऊसपाण्याचा अंदाज सांगावा तसं सांगायचा. कृष्णवेणीबाईंना त्याचं मनापासून कौतुक वाटे. त्यांचे यजमान वेंकटराव गेले ते अखेरपर्यंत साधी गुडघादुखीसुद्धा कुणाला न सांगता.

शनिवारी सकाळी नवा संडास आरशासारखा चकाकत होता. कृष्णवेणीबाई पाहुण्यांसाठी केसरीचा शिरा ढवळत होत्या. दारात पद्मनाभ आला तो पोटावर हात ठेवून, आणि पिढ्यानपिढ्या तमिळ मुलुखात राहिलेल्या त्यांच्या घरच्या मराठीत म्हणाला,

"वैनी, आज पण नाही. पोट फुगलंय, रात्रीपासून दुखतें पण. डॉक्टरांस फोन केलों. लगेच हॉस्पिटलांत या म्हणाल्या."

बाईंच्या हातातला झारा थांबला. "अय्यो! आत्तांच? पावणे रस्त्यांत आहेत रे!"

"म्हणून तर सांगतों. मी आणि रम्या जाऊन येतों."

"रम्या कशी येईल? तिलाच पाहायला येताहेत!"

इतक्यात गुंडोमामा आत आले. हे कृष्णवेणीबाईंचे मामा. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं आणि त्याचा अभिमान त्यांच्या पोटात मावत नव्हता. बाप नाही म्हणून मुलीच्या काकानंच वरपक्षाला तांबूल देऊन बोलणी पक्की करायची, हे त्यांनीच ठरवलं होतं. काकाच्या गोळ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हेही त्यांनीच.

"एवढंच ना?" मामा फळीवरची बाटली काढत म्हणाले. "दोन चमचे एरंडेल घे. आणि ती गोळी आठवडाभर सोडून दे. मूळच तोड की रे!"

पद्मनाभ शांतपणे म्हणाला, "मामा, गोळी सोडलों तर आवाज परत येतील. आणि पोट दुखत असतां एरंडेल घेऊं नोको म्हणून डॉक्टर फोनवरच सांगितल्या. तुम्ही बाटली ठेवा."

मग तो वहिनीकडे वळला. तिचा चेहरा पाहून त्याला कळवळा आला असावा. "सरी वैनी. तांबूल देतों आणि निघतों. त्यापेक्षां जास्त थांबणार नाही."

पाहुणे वेळेवर आले असते तर सगळं सुरळीत झालं असतं. पण टी. नगरच्या गर्दीत त्यांची गाडी अडकली. ते आले तेव्हा राहुकाळाचा अशुभ दीड तास सुरू व्हायला अगदी थोडा वेळ उरला होता. मुलगा श्रीनिधी, सिरुसेरीच्या कंपनीत नोकरीला. त्याची आई विद्यालक्ष्मी, करारी चेहऱ्याची. आणि वडील सेतुमाधवराव, रेल्वेतून निवृत्त झालेले अधिकारी. बसायला खुर्ची पुढे केली तर सेतुमाधवराव उभ्या उभ्याच म्हणाले, "बाथरूम कोठें?"

कृष्णवेणीबाईंना धन्य धन्य वाटलं. त्यांनी स्वतः दार उघडून, दिवा लावून दिला. सेतुमाधवराव आत गेले आणि आतच राहिले.

मुलाचे वडीलच समोर नाहीत तर तांबूल द्यायचं कुणाला? सगळे थांबले. केसरी निवली, तळलेल्या बज्जी मऊ पडल्या. रम्या आणि श्रीनिधी एकमेकांकडे पाहून दोनदा हसले, म्हणजे त्यांचं काम तेवढ्यात उरकलं होतं. घड्याळाचा काटा मात्र कुणासाठी थांबला नाही.

"राहुकाळ लागला!" गुंडोमामांनी जाहीर केलं. "आता तांबूल नाही आणि घराबाहेर पाऊल नाही. संपेपर्यंत अस्की, सगळ्यांनी, येथेंच बसायचं."

आता आली का पंचाईत! संडास अडलेला, दार राहुकाळानं बंद केलेलं आणि मधे पद्मनाभ. तो खुर्चीत पुढे वाकून बसला होता. कपाळावर घाम डवरला होता, तरी विद्यालक्ष्मींच्या प्रश्नांना तो अदबीनं उत्तरं देत होता. मग उत्तर अर्धवट सोडून त्यानं वहिनीकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती, आणि तीच बाईंच्या काळजात रुतली. आपण चकचकीत फरशीपायी या माणसाची रोजची घडी मोडली, आणि आता लग्नापायी त्याला इथे बसवून ठेवलंय. कृष्णवेणीबाईंना स्वतःचा भयंकर राग आला.

त्या उठल्या. पदर खोचला.

"विद्यालक्ष्मीबाई, माफ करा. आम्हांस जायला पाहिजे. माझ्या दिराचं पोट तुंबलंय."

बज्जीकडे गेलेला विद्यालक्ष्मींचा हात हवेतच राहिला.

"तो मनाच्या आजाराची गोळी घेतो," कृष्णवेणीबाई थांबल्या नाहीत. "त्या गोळीमुळे तो नोकरी करतो, घर सांभाळतो, माझी मुलगी त्यानंच शिकवली. गोळीनं आतडं संथ होतें. आज दुखतें, म्हणजे वाट पाहून चालणार नाही. लग्न जमलं तर जमेल, नाहीतर परवायिल्लै, काही बिघडत नाही. रम्या, ऑटो बोलव!"

"कृष्णवेणी!" गुंडोमामा किंचाळले. "राहुकाळ!"

"मामा," पद्मनाभ कण्हत उठला, "माझ्या आतड्यांस पंचांग वाचतां येत नाही."

ती तिघं जिना उतरली तरी सेतुमाधवराव बाथरूममधून बाहेर आलेले नव्हते.

हॉस्पिटलात डॉक्टर रंजनींनी पोट तपासलं, एक्स-रे काढला. आतडं अडलेलं नव्हतं, पण फार भरलेलं होतं. वेळेवर आलात, म्हणाल्या. एनिमा दिला गेला, आणि पद्मनाभला एकदाचं मोकळं वाटलं. कृष्णवेणीबाईंनी बाहेरच्या बाकावर बसून डोळे पुसले. दीर वाचला, स्थळ गेलं. हिशेब त्यांना मान्य होता. रम्या म्हणाली, "अम्मा, तू काय बोललीस ग! मी तर तुझी फॅन झाले."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. पुढे विद्यालक्ष्मी, त्यांनी घट्ट धरलेल्या हातामागे सेतुमाधवराव, मग श्रीनिधी, आणि सर्वांत मागे पाय ओढत गुंडोमामा. कृष्णवेणीबाई बाकावरून उठल्या. जाब विचारायला इथपर्यंत आले?

विद्यालक्ष्मी समोर येऊन उभ्या राहिल्या आणि बघता बघता त्यांचा तो करारी चेहरा ढासळला.

"तुमच्या दिरांचे डॉक्टर कोठें आहेत? आमच्या यांस पण दाखवायचंय. हे पण तसलीच गोळी घेतात. लग्न झाल्यापासून घेतात. पोटाचं मात्र कधी डॉक्टरांस सांगत नाहीत, लाजतात. बाथरूमांत तासन् तास बसतात, पण तोंड उघडत नाहीत."

"अय्यो! मग आम्हांस का नाही सांगितलांत?"

"गुंडोमामा म्हणाले, मुलीकडच्यांस कळूं देऊं नका, स्थळ मोडेल."

"आम्हांस पण तेच म्हणाले!"

दोघी बायका एकदमच मागे वळल्या. गुंडोमामा भिंतीवरचं नेत्रदानाचं पोस्टर अतिशय मन लावून वाचत होते.

एवढ्यात पद्मनाभ बाहेर आला, दमलेला पण सरळ उभा. आतून त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं सेतुमाधवरावांना बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसला आणि ज्या सुरात तो रोज वहिनीशी बोले, त्याच सुरात त्यानं विचारलं, "सर, पोट शेवटचं कधी साफ झालं?"

सेतुमाधवरावांनी इकडेतिकडे पाहिलं. शेकडो माणसांवर हुकूम चालवलेला माणूस तो, पण कानशिलं लाल झाली. मग त्यांनी मांडीआडून, कुणाला दिसणार नाहीत अशी, चार बोटं वर केली.

"दुखतें?"

सेतुमाधवरावांनी मान हलवली, आणि त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हे त्यांना असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं.

पद्मनाभनं त्यांचा हात हातात घेतला, त्यांना उठवलं आणि तपासणीच्या खोलीचं दार ढकललं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "अजून एक पेशंट आहेत. आमचे व्याही."

कृष्णवेणीबाईंनी श्वास रोखून विद्यालक्ष्मींकडे पाहिलं. विद्यालक्ष्मी दुरुस्ती करायला काही पुढे आल्या नाहीत. त्या बाकावर बसल्या, थोड्या सरकल्या, आणि विहिणीसाठी त्यांनी जागा केली.