शिफारस केलेलं पाणी

वाचन हे प्रगत समाजाचं लक्षण आहे आणि शिफारस करणं हे त्याहून प्रगत समाजाचं. वाचायला आठवडा लागतो, शिफारशीला शिक्का पुरतो. या बाबतीत आमची ढोकवाडी आख्ख्या गेवराई तालुक्यात पुढं होती. (पाण्याच्या बाबतीत मागं होती, पण गावानं सगळ्याच बाबतीत पुढं असू नये, दृष्ट लागते.)

त्या वर्षी दुष्काळ होता. म्हणजे नेहमीचाच, पण शासनानं तो मान्य केल्यामुळं गावात समाधानाचं वातावरण होतं. दिवसाआड टँकर यायचा. अशात वरून पत्र आलं : ग्रामीण जनतेत वैज्ञानिक दृष्टिकोन रुजावा म्हणून प्रत्येक वाचनालयानं वाचकांसाठी पाच उत्तम विज्ञान कादंबऱ्या व कथासंग्रहांची शिफारस करावी, आणि प्रत्येक पुस्तकाचा दोन ओळींत गुणगौरव करावा.

आमचं वाचनालय सोसायटीच्या खताच्या गोदामाला लागून आहे. (त्या वासानं पुस्तकांना वाळवी लागत नाही. वाचकही लागत नाहीत.) सोसायटीचे चेअरमन बबनराव हेच वाचनालयाचे अध्यक्ष. मी सचिव. ग्रंथपाल शिवकन्या, जिच्याबद्दल ती कामाच्या वेळात पुस्तकं वाचत बसते अशी तक्रार दाखल होती.

बैठकीत शिवकन्या म्हणाली, "चेअरमनसाहेब, शिफारस करायची तर आदी वाचाय नको का?"

बबनरावांनी तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघितलं. "काय बे सचिव, लग्नात आपण अक्षता टाकतो, तवा नवरी वळखीची असती का?"

युक्तिवाद बिनतोड होता. निवड सुरू झाली.

एका कथासंग्रहाच्या मुखपृष्ठावरचा परग्रहवासी विरोधी पॅनेलच्या उमेदवारासारखा दिसत असल्यानं तो संग्रह बाद झाला. एका कादंबरीत यंत्रमानव संप करतात असं मागच्या बाजूला छापलेलं निघालं. बबनरावांचे मेव्हणे साखर कारखान्यावर संचालक असल्यानं तीही बाद. कालयंत्राच्या कादंबरीत मात्र मागं जाऊन जुन्या चुका दुरुस्त करता येतात असं कळल्यावर, लेखापरीक्षणाच्या दृष्टीनं तिची उपयुक्तता एकमतानं मान्य झाली. अशी चार पुस्तकं निघाली. पाचवं, आणि मानाचं पहिलं, गावातल्याच लेखकाचं घ्यायचं ठरलं.

हे लेखक म्हणजे त्रिंबक गुरुजी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोनं, सुंदरबाईंनी, जन्मभर शिवेवरच्या विहिरीचं पाणी डोक्यावर वाहिलं. त्या गेल्यावर गुरुजी दोन वर्षं दार लावून बसले आणि बाहेर आले ते कादंबरी घेऊनच : 'जलमय ढोकवाडी'. साल दोन हजार ऐंशी. टेकडीवर एक यंत्र हवेतला ओलावा पिळून पाणी काढतं, घरोघरी नळ आहेत आणि मारुतीच्या पाराला होड्या बांधलेल्या आहेत. पुस्तकाच्या शेवटी पाइपलाइनचा घडीचा नकाशा. गुरुजींनी गावात प्रती फुकट वाटल्या होत्या. गावानं त्या आदरानं ठेवून घेतल्या होत्या, कुणी फळीवर, कुणी डळमळणाऱ्या कपाटाखाली.

गुणगौरवाच्या दोन ओळी बबनरावांनी स्वतः सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या : 'या कादंबरीत गावाच्या पाणीप्रश्नाचे कायमस्वरूपी निराकरण झाले असून घरोघरी नळ पोहोचले आहेत. समिती समाधानी आहे.' सही, शिक्का, सोबत नकाशा.

शासनात कुणी काही वाचत नाही, हा खोडसाळ प्रचार आहे. आमचं पत्र वाचलं गेलं. नुसतं वाचलं गेलं नाही, तर त्यात पाण्याचा उल्लेख असल्यानं ते तत्परतेनं पाण्याच्या टेबलावर पाठवलं गेलं, आणि पुढच्या आठवड्यात ढोकवाडीचा टँकर बंद झाला.

पहिल्या दिवशी बायकांनी घागरी रांगेतच ठेवल्या आणि घरी गेल्या. दुसऱ्या खेपेलाही टँकर आला नाही, तेव्हा घागरी उचलून सोसायटीच्या दारात आणल्या. बबनराव मला घेऊन कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी आमचाच कागद आमच्यापुढं ठेवला.

"सही तुमचीच ना?"

"माझीच. पर सायेब, ती कादंबरी हाय."

"कसली?"

"विज्ञान कादंबरी."

"म्हणजे शास्त्रीय. मग अडचण काय आहे?"

बबनरावांनी टोपी सारखी केली. "म्हंजे," ते म्हणाले, "त्यात खोटं असतंय."

"आणि खोट्याची शिफारस तुम्ही शिक्क्यानिशी केलीत?"

साहेब माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी मार्ग सुचवला : गावाला पाणी मिळालेलं नाही असं खुद्द लेखकानं लिहून द्यावं, टँकर सुरू.

आम्ही शिवकन्येला सोबत घेऊन गुरुजींकडं गेलो. ते ओसरीवर बसले होते. बबनरावांनी कोरा कागद पुढं केला. "गुरुजी, एवढं लिवा की पुस्तक खोटं हाय म्हणून. लई खोळंबा झालाय."

"खोटं न्हाई ते," गुरुजी म्हणाले. "अजून झालेलं न्हाई, एवढंच."

"तेच की!"

"तेच न्हाई. माझी बायको त्यात सैपाकघरात उभी ऱ्हाऊन नळ सोडती. ते खोटं हाय असं मी लिवणार न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तुमी वाचलंय का?"

बबनरावांनी माझ्याकडं बघितलं. मी शिवकन्येकडं बघितलं. शिवकन्या म्हणाली, "मी वाचलंय, गुरुजी. बोटीतनं वरात जाती ते लई आवडलं."

गुरुजींचा चेहरा बदलला. "मग हिला समद्यांपुढं वाचू द्या. ऐकून कुणाला खोटं वाटलं, तर बघू."

अशा रीतीनं ढोकवाडीत इतिहासात प्रथमच, शिफारस झालेलं पुस्तक वाचण्यात आलं. मारुतीच्या सभामंडपात दुपारी शिवकन्या वाचायला बसली, आणि रिकाम्या घागरी मांडीशी घेऊन बायका ऐकायला बसल्या. लोकांना वाटलं होतं त्याहून पुस्तक चांगलं निघालं. हवा पिळायचं यंत्र पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मंडपात टाळ्या पडल्या. सुंदरबाई नळ सोडतात आणि पाण्याखाली नुसता हात धरून उभ्या राहतात, त्या पानाला बायकांनी आपापल्या घागरी जवळ ओढल्या. बबनरावांना मधेच डोळे पुसावे लागले. (ऊन लागलं असावं. मंडपात ऊन येत नाही, पण चेअरमनला कुठंही लागू शकतं.)

शेवटी नकाशा उघडला. प्रत्येकजण वाकून आपापलं घर शोधू लागला. दगडाबाईही वाकल्या. त्या गावाबाहेरच्या माळवस्तीवर राहतात. ऊस तोडून आठच दिवसांपूर्वी परतल्या होत्या. त्यांना अक्षरं येत नव्हती, पण मारुती कुठं आणि ओढा कुठं हे विचारून त्यांनी बोट फिरवत फिरवत नेलं आणि कागदाच्या कडेशी थांबवलं.

"शिवकन्ये, ही रेघ म्हंजे नळ का?"

"व्हय, मावशे."

"मग ती वढ्याच्या अल्याडच का थांबली? आमची वस्ती तर पल्याड हाय."

शिवकन्येनं गुरुजींकडं पाहिलं.

"दोन हजार ऐंशीतबी?" दगडाबाई म्हणाल्या.

गुरुजी चाचरले. "पाइप... तिथवर पुरला न्हाई, दगडाबाई."

"गुरुजी, पाइप तर तुमच्या मनातलाच व्हता ना? मग त्यो कावून पुरला न्हाई?"

गुरुजी नकाशाकडं पाहत राहिले. त्यांनी तो घरापासून काढायला घेतला असणार, आपल्या स्वयंपाकघरापासून, आणि ओढ्यापाशी कागद संपला असणार. पण हे ते बोलले नाहीत. त्यांनी कागद मागितला आणि लिहिलं : 'माझ्या कादंबरीत ओढ्यापलीकडच्या माळवस्तीला पाणी मिळालेले नाही. ही चूक लेखकाची आहे.' खाली सही केली, आणि उठताना दगडाबाईंना हात जोडले.

कचेरीनं या पत्राचीही तितक्याच काटेकोरपणे दखल घेतली. टँकर मंजूर झाला, पण ज्यांना नळ नाहीत त्यांच्यापुरताच. सोमवारी तो गावात न थांबता मारुतीवरून, सोसायटीवरून, बबनरावांच्या दारावरून धुरळा उडवत पुढं गेला आणि माळवस्तीवर उभा राहिला.

आता सगळं गाव ओढा उतरून वस्तीवर जाऊ लागलं. ज्यांनी कधी तिथलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं, ते तिथल्याच पाण्यासाठी उन्हात उभे राहिले. बबनरावांच्या मंडळी, मंजुळाबाई, पहिल्या दिवशी सवयीनं रांगेच्या पुढं गेल्या.

"वैनी, मागून या," दगडाबाई टँकरच्या नळीपाशी उभ्या राहून म्हणाल्या. "तुमच्यात नळ हाय म्हणं, पुस्तकात."

गुरुजींनी दुसरी आवृत्ती लिहायला घेतल्याची बातमी फुटली, आणि त्यांच्या ओसरीवर गर्दी होऊ लागली. साहित्यिकाला एवढा मान आमच्या भागात पूर्वी मिळालेला नाही. जो तो आपल्या घराचा नळ काढून टाकावा म्हणून विनंती करत होता. बबनराव म्हणाले, "गुरुजी, माझा नळ तोडा. लागलंच तर चोरीला गेला म्हणून लिवा, पंचनामा मी करून घेतो." गुरुजींनी कुणाचाच नळ काढला नाही. ते पाइप ओढ्याच्या पलीकडं न्यायच्या खटपटीत होते. उताराचं गणित बसत नव्हतं.

ते बसल्यावर एके दिवशी दगडाबाई स्वतः आल्या. उंबऱ्यापाशी बसून त्यांनी शिवकन्येकडून नवी पानं ऐकून घेतली. पुस्तकात त्यांच्या दारात नळ आला, तेव्हा त्यांनी तिला ते पान पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "झ्याक झालंय, गुरुजी. पर पाऊस पडस्तोवर छापू नका."

गुरुजींनी छापलं नाही. टँकर शेवटपर्यंत येत राहिला.

आमची पाच पुस्तकांची शिफारस मात्र मागं घेता आली नाही. ती जिल्ह्याच्या यादीत गेली, तिथून राज्याच्या, तिथून सगळ्यांच्या मोबाइलवर. आपल्याकडंही आलीच असेल, आणि एक जबाबदार वाचक या नात्यानं आपण ती लगेच पुढं पाठवली असेल. उरलेली चार पुस्तकं समितीनं अद्याप वाचलेली नाहीत. आपल्या गल्लीचं त्यांत काय झालंय, हे आपल्याला माहीत असेलच. शिफारस आपलीही आहे.